कड्यावरची सोबतीण

मराठींत ‘सोबत’ हा शब्द मोठा मायाळू आहे. परंतु स्त्रियांच्या बाबतींत त्याचा अर्थ नीट पाहूं गेल्यास त्यांत थोडी गोम असल्याचें ध्यानांत येतें. मुलीला परगांवीं जावयाचें असलें म्हणजे घरांतील वडील माणसें पहिला प्रश्न विचारतात तो ‘सोबत कोणाची?’ हा. मग कधीं मामा, कधीं थोरला भाऊ, आणि कोणीच न मिळाल्यास आठ वर्षांचा पुतण्याहि चालतो. अशी सोबत म्हणजे राखण होय. आणि राखणारा व राखली जाणारी यांच्यांत बरोबरी नसते. याच शब्दाचा दुसरा अर्थ मात्र बरोबरीचा आहे : दोघींनीं एका कामास सारखा खांदा देणें. स्त्रिया उंच कड्यांवर चढूं लागल्या तेव्हां त्यांनाहि आरंभीं पहिल्याच प्रकारची सोबत मिळाली. दुसऱ्या प्रकारची त्यांना स्वतः शोधावी लागली. त्या शोधाचा थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असा आमचा हेतु आहे.

आमच्याकडे स्त्रीच्या डोंगरचढीचे दोन प्रसंग सर्वांच्या तोंडीं आहेत. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत पांच पांडव, त्यांच्या मागें द्रौपदी आणि तिच्या मागें एक कुत्रा, असे सर्व हिमालय ओलांडून मेरूकडे निघतात. सर्वांत आधीं पडते ती द्रौपदी. भीम कारण विचारतो. धर्मराज तिचा दोष सांगतो आणि मागें न पाहतां चालूं लागतो. पुढें इंद्र रथ घेऊन येतो, तेव्हां धर्मराज बंधूंची व द्रौपदीची आठवण काढतो हें खरें, पण अडून बसतो तो मात्र कुत्र्यासाठीं! या कथेचा आध्यात्मिक अर्थ निराळा आहे आणि त्याविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु डोंगर चढणारी एक तुकडी एवढ्याच दृष्टीनें पाहिलें, तर पांच पुरुषांच्या सोबतीला एकटी स्त्री, आणि ती पडल्यावर थांबणारें कोणी नाहीं, असें तें चित्र आहे. दुसरी कथा रायगडच्या हिरकणीची. सूर्यास्तास दरवाजे बंद झाले, घरीं तान्हें मूल, म्हणून ती गवळण अंधारांत कडा उतरून गेली, आणि महाराजांनीं तिचा सन्मान करून त्या जागीं बुरूज बांधविला, अशी ही दंतकथा आहे. द्रौपदीस सोबत होती ती कामास आली नाहीं. हिरकणीस सोबतच नव्हती. सोबतीण मात्र दोघींपैकीं कोणासहि लाभली नाहीं.

युरोपांतहि आरंभ असाच झाला. इ. स. १८३८ मध्यें आंरिएत दांझव्हिल ही फ्रेंच स्त्री माँ ब्लाँ शिखरावर गेली ती वाटाड्यांसह. १८७१ मध्यें ल्यूसी वॉकर ही माटरहॉर्नवर पोहोंचणारी पहिली स्त्री ठरली तेव्हां तिच्याबरोबर तिचे वडील आणि नामांकित वाटाड्या मेल्खिओर आंडरेग हे होते. या स्त्रियांचें धैर्य कमी होतें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु वाट ठरविणारा, दोराच्या पुढच्या टोकाला चालणारा आणि माघार केव्हां घ्यावयाची हें सांगणारा असा पुरुष प्रत्येक वेळीं तेथें होता. बरें, पुरुषांच्या संस्थांत शिरावें, तर तीहि सोय नव्हती. लंडनचा आल्पाइन क्लब १८५७ मध्यें निघाला. त्याचें दार स्त्रियांस उघडलें तें १९७० नंतर. तेव्हां स्त्रियांनीं आपल्या संस्था आपणच काढल्या : १९०७ मध्यें लंडनला लेडीज आल्पाइन क्लब, आणि १९०८ मध्यें स्कॉटलंडांत लेडीज स्कॉटिश क्लायंबिंग क्लब. हा दुसरा तर जेन इंग्लिस क्लार्क, तिची मुलगी मेबल आणि ल्यूसी स्मिथ या तिघींनीं एका मोठ्या शिळेजवळ बसून काढला, आणि तो अद्यापि चालूं आहे.

तथापि निव्वळ खडकावर चढणाऱ्या स्त्रियांची पहिली स्वतंत्र संस्था म्हणजे पिनॅकल क्लब. मार्च १९२१ मध्यें वेल्समधील पेन-इ-ग्वरिड येथें तिची स्थापना झाली. तिच्यामागची खरी प्रेरणा एमिली केली या स्त्रीची. तिचा पति हॅरी केली हाहि कसलेला प्रस्तरारोहक होता. म्हणजे तिला सोबतीची वाण होती असें नव्हे. तिला अडचण दिसली ती निराळीच. गांवोगांवीं एकेकटी खडकावर चढणारी स्त्री होती, परंतु एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. आणि पुरुषांच्या तुकडींत गेली कीं तिला जागा मिळे ती दोराच्या मधली किंवा शेवटची. अशा विखुरलेल्या स्त्रियांना एकत्र आणणें, त्यांना एकमेकींच्या जोडीनें चढतां येईल असें करणें, हेंच त्या क्लबाचें काम. दैवाची गोष्ट अशी कीं, दुसऱ्याच वर्षीं, १९२२ मध्यें, ट्रायफॅन पर्वतावर झालेल्या अपघातानंतर एमिली केली मरण पावली. तेवढ्यानें संस्था मोडली नाहीं. १९३२ मध्यें वेल्समध्यें क्लबाची स्वतःची झोपडी उघडली, तिला तिचेंच नांव दिलेलें आहे.

दोराच्या पुढच्या टोकाला एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील, म्हणून ती रीत थोडक्यांत सांगतों. दोघी चढावयास लागल्या म्हणजे एक आघाडीला जाते. दुसरी खालीं पक्क्या जागीं स्वतःस बांधून घेऊन दोर हळूहळू सोडीत राहते. यास आरोहक मंडळी ‘बिले देणें’ म्हणतात. आघाडीची जातां जातां खडकाच्या फटींत किंवा खिळ्यांत दोर अडकवीत जाते. शेवटच्या आधारापासून ती पांच फूट वर असतां हात सुटला, तर दोर ताठ होईपर्यंत ती सुमारें दहा फूट खालीं येते. उलट मागून येणारीस दोर वरून मिळतो. तिची घसरण फार तर हात-दोन हात. म्हणजे धोका आघाडीचा, वाट शोधण्याची बुद्धि आघाडीची, आणि आनंदहि आघाडीचा. १९२० च्या सुमारास तर अंबाडीजातीच्या धाग्यांचे दोर होते, ते झटक्यानें तुटत. आघाडीच्यानें पडावयाचेंच नाहीं असा तेव्हां नियम होता.

हें वर्म ओळखलें तें मिरियम ओब्रायन या अमेरिकन स्त्रीनें. तिचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : तुकडींत एखादा जाणता पुरुष असला, कीं आणीबाणीच्या वेळीं सूत्रें आपोआप त्याच्याकडे जातात, मग नांवाला आघाडीवर कोणीहि असो, म्हणून स्त्रीस खरोखर नेतृत्व करावयाचें असेल, तर तुकडींत पुरुषच नसावा. १९२९ च्या ऑगस्टांत तिनें आलिस दामेम या फ्रेंच मैत्रिणीबरोबर शामोनीजवळचा ग्रेपाँ हा अवघड सुळका पुरुषावांचून सर केला. यावर एका फ्रेंच गिर्यारोहकानें हळहळ व्यक्त केली, कीं दोन बायकाच तेथें जाऊन आल्या, आतां स्वाभिमानी पुरुषास ग्रेपाँवर जाण्यांत काय राहिलें! याच दोघी १९३२ मध्यें माटरहॉर्नवरहि जाऊन आल्या. पुढच्या वर्षीं आलिस दामेम, मिशलिन मोरँ आणि निआ मोरँ यांनीं मेज पर्वताची धार अशीच ओलांडली. ल्यूसी वॉकर ज्या माटरहॉर्नवर वडिलांच्या व वाटाड्याच्या सोबतीनें गेली होती, तेथेंच एकसष्ट वर्षांनीं दोन मैत्रिणी एकमेकींच्या विश्वासावर गेल्या. सोबत या शब्दाचा अर्थ पालटला तो येथें.

यांत पुरुषद्वेष पाहण्याचें कारण नाहीं. यांपैकीं बहुतेकींनीं पति, भाऊ, मित्र यांच्याबरोबरहि पुष्कळ चढाई केली. स्त्रीस स्त्री सोबतीण मिळण्यांत कांहीं अगदीं व्यावहारिक लाभहि आहेत. सहा फुटी पुरुषास जी खोबण सहज हातीं लागते, ती पांच फुटी स्त्रीच्या टप्प्याबाहेर असते. त्यानें दाखविलेली युक्ति तिच्या उपयोगी पडत नाहीं. सारख्या उंचीची दुसरी स्त्री त्याच जागीं पाय कसा वळवते, शरीर खडकाशीं कसें लावते, हें पाहून ती शिकते. वजनाचेंहि तसेंच : आघाडीचा आरोहक फार जड असून पडला, तर खालचें हलकें माणूस उचलून वर खेंचलें जातें. आमच्या भगिनींस हें समजावयास परक्या देशीं जावें लागणार नाहीं. मंगळागौरीच्या रात्रीं फुगडी घालणाऱ्या दोघी हात गुंफून मागें झुकतात, तेव्हां एकीचा तोल दुसरीच्या हातांत असतो. जोड विजोड असली कीं फुगडी रंगत नाहीं, आणि एकीनें हात सोडला तर दोघीहि पडतात. दोराची जोडी म्हणजे कड्यावरची फुगडीच होय.

आशियांतील या इतिहासास किंमतहि मोठी द्यावी लागली. १९५९ मध्यें क्लोद कोगां हिच्या नेतृत्वाखालीं निरनिराळ्या देशांतील स्त्रिया चो ओयू शिखरावर निघाल्या. तेनसिंग यांच्या दोन मुली व एक पुतणीहि त्यांत होत्या. हिमप्रपातांत कोगां, तिची एक सोबतीण आणि दोन शेर्पा गेले. ‘बायकांनीं जाऊंच नये’ असें म्हणणाऱ्यांस निमित्त सांपडलें. परंतु हिमालयांत त्यापूर्वीं कितीतरी पुरुष मेले, तेव्हां पुरुषांनीं जाऊं नये असें कोणी म्हटलें नव्हतें. पुढें जपानांत जुंको ताबेई हिनें १९६९ मध्यें स्त्रियांचा आरोहण क्लब काढला. पुरुषांच्या क्लबांत कांहीं जण तिच्याबरोबर चढावयास तयार नसत, आणि कांहींना ती नवरा शोधावयास आली आहे असें वाटे! त्याच मैत्रिणींच्या मोहिमेंतून १६ मे १९७५ रोजीं ती एव्हरेस्टवर पोहोंचणारी पहिली स्त्री ठरली. आपल्याकडे बचेंद्री पाल १९८४ मध्यें स्त्रीपुरुषांच्या मिश्र मोहिमेंतून एव्हरेस्टवर गेल्या. नऊ वर्षांनीं, १९९३ मध्यें, त्यांनींच भारत-नेपाळ महिला मोहिमेचें नेतृत्व केलें, आणि तिच्यांतील अठरा जण शिखरावर पोहोंचले, पैकीं सात स्त्रिया होत्या. स्वतः वर गेल्यावर मागच्यांसाठीं दोर सोडणें म्हणतात तें हेंच.

आतां घराजवळ येऊं. धर्मराज ज्या लोकीं गेला त्याचें नांव धारण करणारी एक वसाहत मुंबईच्या उत्तरेस भाईंदर पूर्वेला आहे : इंद्रलोक. उंच इमारती, उद्वाहनें, सकाळची लोकलची धांवपळ, असा हा आजचा स्वर्ग. त्याच्या दक्षिण-पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर पसरले आहेत. त्या डोंगरांतच कान्हेरीचीं लेणीं आहेत, आणि तेथल्या खडकांवर मुंबईच्या आरोहकांच्या पिढ्या शिकल्या. तिकडे मुंब्र्याचे कडे, पुढें लोणावळ्याजवळची नागफणी, तैलबैलाच्या भिंती, जीवधनशेजारची वानरलिंगी. सह्याद्रीचा हा काळा पाषाण पावसाळ्यांत शेवाळतो. चढाईचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. संस्थाहि आहेत. गिरिविहार ही मुंबईंतील जुनी संस्था १९५४ ची. तिच्या खटपटीनें २०१६ मध्यें नवी मुंबईंत बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा भरली, आणि ती भारतांतील पहिलीच. २००९ मध्यें कृष्णा पाटील ही महाराष्ट्रकन्या एकोणिसाव्या वर्षीं एव्हरेस्टवर जाऊन आली.

खडक आहे, दोर आहे, उदाहरणें आहेत. मग अशा वसाहतींतील एखाद्या मुलीस उणें काय पडतें? आमच्या मतें उणी पडते ती सोबतीण. संस्थेच्या शिबिरांत एकदोन दिवस शिकून ती घरीं येते. नंतर दर रविवारीं तिच्याबरोबर जाणारें कोण? घरचीं माणसें ‘सोबत कोणाची?’ म्हणून विचारतात, आणि त्या प्रश्नाशीं ती अडते. तो प्रश्न विचारूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. कड्यावर एकट्यानें जाऊं नये हा तर या विद्येचा पहिला पाठ आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं उत्तर देतांना राखणदार शोधण्याऐवजीं जोडीदारीण शोधावी. वारीला दिंडी जमते, भजनाला मंडळ जमतें, मंगळागौरीला अर्धी आळी जमते. तर डोंगरासाठीं चार जणी कां जमूं नयेत? कोणत्याहि संस्थेनें आपल्या शिबिरांतल्या मुलींचीं नांवें एकमेकींस कळवावीं, महिन्यांतला एक दिवस त्यांच्या जोड्यांसाठीं राखावा, जाणत्या स्त्रीनें नवशिकीस आळीपाळीनें आघाडी द्यावी. एमिली केलीनें याहून फारसें निराळें कांहीं केलें नव्हतें. आणि आईबापांस आम्ही इतकेंच सुचवूं, कीं मुलीची सोबतीण एकदां घरीं जेवावयास बोलवावी आणि तिला गांठ नीट बांधतां येते कीं नाहीं, दुसरीची गांठ तपासल्याशिवाय ती पाऊल उचलूं देते कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. तेवढें उत्तर समाधानकारक मिळालें, तर मुलीस निःशंकपणें डोंगरावर पाठवावें.