मदतीचे सामने आणि खर्चाची वही

बचत गटाच्या वहीचा फुटबॉलशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. आज आम्ही तोच सांगणार आहोत.

१८६२ साल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. इकडे वऱ्हाड-खानदेशात कापसाचे भाव चढले. तिकडे लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, कामगारांच्या चुली विझल्या. त्यांच्या मदतीसाठी त्या डिसेंबरात शेफील्ड शहरात दोन क्लब फुटबॉलचा सामना खेळले आणि निधी उभा केला. पुढे दवाखान्यांसाठी, अडचणीतल्या कुटुंबांसाठी असे सामने खेळण्याची तिथे रीतच पडली.

बायकांसाठी मैदानाचं दार उघडलं ते याच रीतीमुळे. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि बायका दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लागल्या. लँकेशायरमधल्याच प्रेस्टन गावी 'डिक, कर' नावाचा कारखाना होता. तिथल्या मुलींनी आपला संघ बांधला. २५ डिसेंबर १९१७ रोजी जखमी सैनिकांच्या दवाखान्यासाठी त्या खेळल्या, तेव्हा १० हजार माणसं जमली. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर तब्बल ५३ हजार आली! एका दिवसात ३,११५ पौंड जमले. १९२१ मध्ये खाणमालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा खाणकामगारांच्या घरच्यांसाठीही बायकांचे संघ खेळले.

आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला फुटबॉल संघटनेनं ठराव केला: आमच्या क्लबांनी बायकांना मैदान द्यायचं नाही. कारणं दोन दिली. एक, हा खेळ बायकांना शोभत नाही. दुसरं, जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो आणि धर्मादायाला कमी उरतो.

दुसरं कारण नीट ऐका, बायांनो. गावोगाव खेळायला जायचं तर गाडीभाडं लागतं, कामाचा रोज बुडतो. तो खर्च कुणी भरायचा? मदतीच्या नावानं उघडलेलं दार मदतीचाच हिशेब पुढे करून बंद झालं. ते पुन्हा उघडायला १९७१ साल उजाडलं. २००८ मध्ये संघटनेनं माफी मागितली. प्रेस्टनच्या बायका मात्र थांबल्या नव्हत्या. मिळेल त्या मैदानावर त्यांचा संघ १९६५ पर्यंत खेळत राहिला.

आपले गटही पूरग्रस्तांसाठी, आजारी बाईसाठी वर्गणी काढतात. तेव्हा गाडीभाडं, चहापाणी, बुडालेला रोज हेही वहीत उघड लिहा आणि बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. मदतीला लागणारा खर्च लपवायचं कारण नाही. आणि खेळायचं असेल, तर "आम्हाला खेळायचंय" एवढंच सांगा. त्याला धर्मादायाची पावती लागू नये.