गुरूचें पदक

शिष्याच्या यशानें गुरु मोठा होतो, असें आपण सारेच म्हणतों. परंतु शिष्य संकटांत सांपडला असतां गुरूनें काय करावें, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. सारें आयुष्य वर्गांत घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला तो आजहि सोडीत नाहीं. म्हणून आज एका रशियन शिक्षिकेची हकीकत आपणांस सांगतों.

तामारा मॉस्क्विना यांचा जन्म २६ जून १९४१ रोजीं लेनिनग्राड शहरीं झाला. जर्मन सैन्यानें रशियावर स्वारी केली, त्याला तेव्हां अवघे चार दिवस झाले होते. त्याच सप्टेंबरांत त्या नगरीस पडलेला वेढा जानेवारी १९४४ पर्यंत उठला नाहीं. अशा काळांत जन्मलेली ही मुलगी पुढें बर्फावरील स्केटिंगमध्यें, १९६२ ते १९६६ या काळांत, पांच वेळां राष्ट्रीय विजेती झाली. नंतर अलेक्सेइ मिशिन यांच्यासह त्या जोडीनें खेळूं लागल्या. १९६८ सालच्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्यें त्यांचा क्रमांक पांचवा लागला. १९६९ सालीं जागतिक स्पर्धेंत त्यांना रौप्यपदक मिळालें. ऑलिंपिक पदक मात्र दोघांनाहि कधींच लाभलें नाहीं.

जें स्वतःस लाभलें नाहीं, तें बाईंनीं शिष्यांना मिळवून दिलें. १९८४, १९९२, १९९८ व २००२ अशा चार ऑलिंपिकांत त्यांच्या जोड्यांनीं सुवर्णपदकें जिंकलीं. आर्तुर द्मित्रिएव्ह या शिष्यानें तर दोन निरनिराळ्या जोडीदारणींसह तें मिळविलें.

परंतु खरी कसोटी निराळीच होती. या खेळांत पुरुष आपल्या जोडीदारणीस डोक्यावर उचलतो, हवेंत फेंकतो, आणि दोघांच्याहि पायांत पोलादी पातीं असतात. जानेवारी १९९६ मध्यें रीगा येथें सरावाच्या वेळीं येलेना बेरेझ्नाया या अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यांत तिच्या त्या वेळच्या जोडीदाराच्या बुटाचें पातें घुसलें. मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. बोलणें तिला पुन्हां शिकावें लागलें. अशा मुलीला पुन्हां बर्फावर उभें करावें कीं नाहीं? घाई केली तर जीव धोक्यांत, नाहीं म्हटलें तर जगण्याची उमेदच हिरावून घेतली!

मॉस्क्विनाबाईंनीं तिला हातीं धरलें. अंतोन सिखारुलिद्झे हा नवा जोडीदार तिच्या पाठीशीं उभा राहिला. जी मुलगी बोलायला शिकत होती, तिनें १९९७ सालीं युरोपीय स्पर्धेंत कांस्यपदक, १९९८ सालीं नागानो येथें रौप्यपदक आणि १९९८ व १९९९ सालीं जागतिक अजिंक्यपद मिळविलें. २००२ सालीं सॉल्ट लेक सिटी येथें सुवर्णपदकहि आलें. परंतु एका फ्रेंच परीक्षिकेच्या वर्तनावरून वाद माजला, आणि कॅनडाच्या जोडीलाहि सुवर्ण देण्यांत आलें. तरी बेरेझ्नायाचें पदक तिच्याकडेच राहिलें. तें खरें तर बर्फावरच्या त्या सायंकाळींच नव्हे, तर सहा वर्षांपूर्वीं रुग्णशय्येवरून उठतांनाच तिनें मिळविलें होतें, असें मला वाटतें.

२०२२ सालीं बीजिंग येथें, ऐंशीव्या वर्षीं, बाईंच्या आणखी एका जोडीनें कांस्यपदक जिंकलें.

श्रोतेहो, हुशार विद्यार्थ्यास वर चढविणें फारसें कठीण नाहीं. पडलेल्यास उठण्याचा धीर देणें, हीच शिक्षकाची खरी परीक्षा होय; आणि तिच्यांत उत्तीर्ण झालेल्यास निराळ्या पदकाची गरज उरत नाहीं.