घरातील जमीन : कमी विषारी फरशी व बिछायत (सावनेर परिसर)

घराच्या जमिनीत खालची भरणी, तिच्यावरचा कोबा किंवा फरशी, सांधे भरणारा माल, चिकटवायचा पदार्थ, वरचा लेप आणि अंथरलेली बिछायत एवढे सगळे येते. यांपैकी कशातूनही घरातल्या हवेत अपायकारक बाष्प किंवा धूळ सुटत नसेल, तर ती जमीन कमी विषारी समजतात. खाणीपासून भट्टीपर्यंत, वाहतुकीत आणि अखेरीस उखडून टाकताना निसर्गाची हानी कमी होत असेल, तर ती पर्यावरणपूरक. ही दोन मापे दर वेळी जुळत नाहीत. बांबू झपाट्याने वाढतो, पण त्याच्या पट्ट्या जोडणारी राळ फॉर्मल्डिहाइडची असू शकते. उलट भट्टीत भाजलेली चिनी मातीची फरशी खूप इंधन खाते, पण घरात आल्यावर तिच्यातून काहीच सुटत नाही. बहुतेक प्रकारांत विष मूळ वस्तूपेक्षा तिला जोडणाऱ्या, चिकटवणाऱ्या किंवा चमकवणाऱ्या पदार्थात असते.

सावनेर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव नागपूरच्या वायव्येस सुमारे ३५ कि.मी. अंतरावर कोलार नदीकाठी आहे. तालुक्यात संत्र्याच्या बागा आहेत, कोळशाच्या खाणी आहेत आणि खापरखेड्याचे औष्णिक वीजकेंद्रही आहे. येथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली फरशी फार काळ सपाट राहत नाही. म्हणून काळी माती उकरून काढून मुरूम भरतात आणि पाणी मारत, धुम्मसाने ठोकत एकेक थर बसवतात. हे काम कच्चे राहिले, तर वरची फरशी कितीही चांगली असली तरी तिच्या फुटक्या सांध्यांतून ओल आणि बुरशी वर येते. मे महिन्यात पारा ४५° से.च्या पुढे जातो आणि घरोघरी कूलर सुरू असल्याने आत दमटपणा असतो. चिकटद्रव्यांतून बाष्प सुटण्याचा वेग उष्णतेबरोबर वाढतो. फॉर्मल्डिहाइडच्या राळेतून तो वायू सुटणे दमटपणानेही वाढते. कंपन्या देतात ते उत्सर्जनाचे आकडे साधारणपणे २३° से. तापमान आणि ५० टक्के आर्द्रता ठेवलेल्या चाचणीपेटीतले असतात. विदर्भाच्या उन्हाळ्याला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सर्वांत जुना प्रकार सारवलेल्या जमिनीचा. मुरूम आणि पांढरी माती भिजवून पसरतात, लाकडी चोपण्याने चोपून घट्ट करतात, वाळताना पडलेल्या बारीक भेगा पुन्हा चोपून बुजवतात. मग शेणाचा पातळ काला हाताने अर्धगोल ओढीत फिरवतात. शेणातले न पचलेले तंतू वरची माती धरून ठेवतात, त्यामुळे पायाखाली धूळ होत नाही. भट्टी नाही, वाहतूक नाही, घर पडले तरी माती मातीत जाते. पर्यावरणाच्या मापाने हिच्या जवळपास दुसरी जमीन येत नाही. मात्र आठ-पंधरा दिवसांनी सारवावे लागते आणि तो भार बहुतेक घरांत बाईवरच पडतो. भेगा राहिल्या, तर आरोग्याचा प्रश्नही उभा राहतो. चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूर भागातील रुग्णांच्या रक्तातूनच प्रथम वेगळा करण्यात आला, आणि २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात त्याच्या साथीने अनेक मुले दगावली. तो पसरवणारी वालुमक्षिका मातीच्या घरांच्या भेगांत आणि शेणकचऱ्याच्या दमट जागी वाढते. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० सालापासून गरीब घरांच्या मातीच्या जमिनींवर सिमेंट टाकून देण्यात आले. ज्या घरांत सगळी जमीन सिमेंटची झाली, तेथील लहान मुलांमधील पोटातल्या जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी घटल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. म्हणून रसायन नाही एवढ्यावर मातीची जमीन निर्धोक ठरवणे बरोबर नाही. रांगते मूल असलेल्या घरात तरी ती चुना घालून घट्ट केलेली आणि भेगांविना असली पाहिजे.

पक्क्या जमिनींमध्ये दगडी फरशी या भागाला सर्वांत मानवते. शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येते, तांदूर तेलंगणातून, कडप्पा आंध्रातून आणि कोटा राजस्थानातून. हे सगळे थराथरांचे चुनखडीचे दगड आहेत. खाणीतच त्यांच्या लाद्या सुटतात, भाजावे लागत नाही. उन्हाळ्यात त्या गार राहतात, बाष्प सोडत नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. जुन्या वाड्यातून निघालेली फरशी कडा तासून, उलटी करून पुन्हा बसवता येते, आणि पर्यावरणाचा विचार करणाऱ्याने नव्या खाणीच्या मालाआधी तीच शोधावी. या फरशीचे नुकसान बहुधा बसवल्यानंतर होते. सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री तिच्यावर ॲसिड ओततात. चुनखडी आम्लात विरघळते. पृष्ठभाग खडबडीत होतो, मळ धरू लागतो आणि मग तो झाकायला वास मारणारे सीलर लावावे लागते. ओल्या फडक्याने त्याच दिवशी सांधे पुसून घेतले, तर ॲसिडची गरजच पडत नाही.

सिमेंटचा घोटलेला कोबा, त्यात लोहाचा लाल ऑक्साइड मिसळलेला प्रकार आणि संगमरवराच्या चुऱ्याची मोझॅक टाइल हे स्वस्त आणि बाष्पहीन पर्याय आहेत. सिमेंटची टाइल दाबयंत्रात दाबून पाण्यात मुरवतात, भाजत नाहीत. महाराष्ट्रात या धंद्याचा पाया मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ मध्ये, स्वदेशीच्या काळात घातला. दोष सिमेंटचाच : जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात त्याचा वाटा सात-आठ टक्के मानला जातो. सिमेंटचा काही भाग वीजकेंद्राच्या राखेने भरून काढता येतो, आणि खापरखेडा व कोराडी जवळ असल्याने सावनेरला ही राख दूरवरून आणावी लागत नाही. केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढून वीजकेंद्रांच्या परिसरात बांधकामसाहित्यात राख वापरणे बंधनकारक केले. राखेत आर्सेनिक, पारा यांसारख्या धातूंचे अंश असतात. सिमेंटमध्ये बांधली गेल्यावर ते बऱ्याच अंशी अडकून राहतात. सुटी राख जोत्यात मुरमाऐवजी भरणे ही वेगळी गोष्ट आहे आणि विहीर जवळ असलेल्या घरात ती टाळावी.

व्हिट्रिफाइड टाइल बहुतेक गुजरातेतील मोरबीहून येते. ती सुमारे १,२०० अंशांवर भाजलेली असल्याने घरात तिच्यातून काही सुटत नाही. विषाचा प्रश्न कापणाऱ्या कारागिराचा आहे. कोरड्या कटरने टाइल कापताना उडणाऱ्या पांढऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. तिने सिलिकोसिस होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. पात्यावर पाण्याची धार सोडली की बहुतांश धूळ जागीच बसते. घरमालकाने पाण्याची नळी जवळ ठेवून हा आग्रह धरावा. मजुराच्या फुप्फुसाची किंमत मोजून आलेली जमीन पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही.

गुंडाळीच्या विनाइलमध्ये प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून थॅलेट घालतात. ते हळूहळू घरातल्या धुळीत उतरतात आणि रांगत्या मुलाच्या हातातोंडाशी जातात. जुन्या विनाइल टाइलमध्ये ॲस्बेस्टॉसही असे, म्हणून तशी टाइल घासू किंवा फोडू नये, तिच्यावरच नवी जमीन करावी. लॅमिनेट फळ्या फॉर्मल्डिहाइडच्या राळेने दाबलेल्या असतात. घरातील हवेत हा वायू अर्ध्या तासाच्या सरासरीने दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. या दोहोंना पर्याय लिनोलियमचा. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६० च्या दशकात ते काढले : उकळून घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ, बुचाचा भुगा आणि लाकडाची पूड तागाच्या कापडावर थापायची. बाजारात लिनोलियम म्हणून दाखवतात ते मात्र पुष्कळदा विनाइलच असते. उलट बाजूला तागाचे विणकाम दिसले तरच विश्वास ठेवावा. जवस हे विदर्भाचे जुने रब्बी पीक. त्याचे तेल सागाच्या फळ्यांना वार्निशाऐवजी पातळ हाताने चोळता येते. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर वाळताना तापून आपोआप पेटतात. त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा या हवामानात सर्वांत गैरसोयीचा. त्याच्या पाठीवरच्या कृत्रिम रबरातून नव्या गालिच्याचा तो ओळखीचा वास येतो; तो मुख्यतः ४-फेनिलसायक्लोहेक्झीनचा. डाग न धरणारे लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचे असतात आणि ती निसर्गात विघटित होत नाहीत. पायांबरोबर घरात आलेली कोळशाची आणि राखेची धूळ त्यात मुरते, कूलरच्या ओलीने बुरशी धरते. सुती सतरंजीला अस्तर नाही, डिंक नाही. ती उचलून अंगणात झटकता येते, धुऊन उन्हात वाळवता येते. वऱ्हाडात अकोटच्या सतरंज्या नावाजलेल्या आहेत. सावनेर तालुक्यातच खापा हे कोष्ट्यांच्या हातमागाचे जुने गाव आहे, पण त्याचा लौकिक मुख्यतः लुगड्यांचा. हिवाळ्यासाठी धनगरी घोंगडी चांगली : दख्खनी मेंढीची लोकर, बहुधा न रंगवलेली, ताठपणासाठी चिंचोक्याची खळ. कसर लागू नये म्हणून तिला औषध मारण्यापेक्षा वरचेवर ऊन दाखवणे पुरते.

लाकडी किंवा बांबूच्या जमिनीला वाळवीचा धोका असतो, आणि त्यावरचा उपाय पुष्कळदा जमिनीपेक्षा विषारी ठरतो. पूर्वी जोत्यात आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ओतत. ही औषधे आता बंद आहेत, पण जुन्या घरांखाली त्यांचे अंश वर्षानुवर्षे राहू शकतात. आज क्लोरपायरिफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड वापरतात. जोत्यातून झाडांची मुळे व लाकडी तुकडे वेचून काढणे, नळ जमिनीतून वर येतात तेथील फटी सिमेंटने बंद करणे आणि दगडी जमीन पसंत करणे, एवढ्याने औषधाची गरज पुष्कळ कमी होते.

खरेदीच्या वेळी फॉर्मल्डिहाइडच्या उत्सर्जनाची ई-१ किंवा त्याहून कमी श्रेणी आणि भारतीय उद्योग महासंघाचे ग्रीनप्रो प्रमाणपत्र पाहता येते. फरशीबरोबर डिंक, सांध्याचा माल आणि लेप यांचेही माहितीपत्रक मागावे, कारण प्रमाणपत्र बहुधा एकट्या फरशीचे असते. कागद नसेल, तेव्हा नमुन्याचा तुकडा झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून दिवसभर उन्हात ठेवावा आणि संध्याकाळी झाकण उघडून वास घ्यावा. वास आला नाही म्हणून माल निर्दोष ठरत नाही, पण उग्र वास आला तर तो नाकारायला तेवढे पुरे. डिंक किंवा लेप लागणारे काम हिवाळा संपता संपता उरकले, तर कूलर लावून खिडक्या बंद होण्याआधी खोली उघडी ठेवायला महिना-दीड महिना मिळतो.