रंग, रोगण आणि मेण

डोंगरकड्याच्या शिवारात उसाचे एखादे कांडे मोडून हातात घ्या. पेराच्या सांध्याखाली पांढुरकी पट्टी दिसेल, राखेचे बोट फिरवल्यासारखी. अंगठ्याच्या नखाने ती खरवडा. नखात येते ती धूळ नव्हे, मेण आहे. पट्टीवर पाण्याचा थेंब सोडला तर त्याची गोळी होऊन घरंगळते. खरवडलेल्या जागी सोडला तर तो पसरून बसतो. बांधापलीकडे केळी असेल तर तिच्या पानाची खालची बाजू पुसून बघा. बोटाला तशीच पांढरी भुकटी लागेल. गाडीच्या रंगावर लावायला आपण शहरातून जो वॅक्सचा डबा आणतो, त्याचे भाऊबंद असे आपल्याच बांधावर उभे असतात.

डोंगरकडा कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या वाटेवर. ऊस, केळी आणि हळद ही इथली पिके. या भागात ‘पॉलिश’ म्हटले की गाडीच्या आधी हळद आठवते. शिजवून वाळवलेली हळकुंडे ड्रममध्ये घालून फिरवतात. ती एकमेकांवर आणि ड्रमच्या जाळीवर घासतात, वरची खरबरीत साल झडते आणि आतला पिवळा तुकतुकीतपणा उघडा पडतो. पॉलिश म्हणजे काढणे, हे हळद करणाऱ्याला सांगावे लागत नाही. गाडीचे मात्र आपण पॉलिश आणि वॅक्स एकाच श्वासात उच्चारतो. खरे तर दोन्ही कामे एकमेकांच्या उलट आहेत. पॉलिश रंगाचा पापुद्रा काढते, मेण त्यावर पापुद्रा चढवते.

मराठीतला ‘मेण’ हा शब्द संस्कृत ‘मदन’, प्राकृत ‘मयण’ या वाटेने आला. गुजरातीत त्याचे मीण झाले. पालखीच्या जातीतला जो मेणा, त्याचा या मेणाशी संबंध नाही; तो फारसी ‘मियाना’चा वंशज. संस्कृतात मेणाला आणखी एक सुरेख नाव आहे, मधूच्छिष्ट. मध काढून घेतल्यावर पोळ्याचे जे उष्टे उरते, ते. या उष्ट्याचा मोठा मान कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी होता. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. आधी मूर्ती मेणाची घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, मग तापवून मेण बाहेर काढायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत रस ओतायचा. मूर्ती राहते, मेण जाते. आपले काम करून निघून जाणे हा मेणाचा गुण तेव्हापासून कारागिरांना ठाऊक आहे. पुढच्या कथेत तो लक्षात ठेवायचा.

दुसरा शब्द ‘रोगण’. फारसीत रौगन म्हणजे तेल. जवसाच्या तेलात राळ किंवा चंद्रस विरघळवून केलेला पारदर्शक लेप म्हणजे रोगण. घराला ‘रंगरोगण’ केले असे आपण सहज म्हणतो, आणि तो जोडशब्द पुनरुक्ती वाटतो. तो तसा नाही. रंग शोभेसाठी, रोगण त्या रंगाच्या रक्षणासाठी. आजच्या मोटारीवर नेमके हेच दोन थर असतात: खाली रंगाचा, वर बिनरंगी क्लिअर कोट. तो क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. ऊन, पाऊस, चिमण्या-कावळे या सगळ्यांशी लढायला गाडीजवळ एवढेच कातडे असते.

सुरुवातीच्या मोटारी या घोडागाडीच्याच लेकी होत्या. त्यांना रोगणही घोडागाडीचेच लागे, हाताने, थरावर थर, आणि सगळे वाळेपर्यंत आठवडे जात. त्यामुळे त्यांना चकाकी देणारेही लाकूडकामातून आले. अमेरिकेत फ्रँक मेग्वायर यांनी १९०१ मध्ये पॉलिश बनवायला घेतले ते लाकडी सामानासाठी. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी सॅम्युएल जॉन्सन १८८६ पासून नक्षीदार लाकडी जमीन विकत. जमीन घेतलेले गिऱ्हाईक विचारी, हिची निगा कशी राखायची? म्हणून त्यांनी मेणाचा लेप तयार केला, आणि पाहता पाहता जमीन मागे पडून मेणाचाच धंदा मोठा झाला. मोटार आली तेव्हा डबा तयारच होता, फक्त वरचे चित्र बदलायचे होते.

१९२४च्या ओकलंड मोटारीवर ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. तो काही तासांत वाळे. कारखान्यांचे काम झपाट्याने होऊ लागले, पण हा रंग उन्हात लवकर मळकट होई. त्याला वरचेवर घासून मेण द्यावे लागे. रविवारी अंगणात गाडी पुसत बसणारा गृहस्थ त्या काळात जन्माला आला.

त्याच्या डब्यात काय असे? मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. मे महिन्यात मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवत नाही. पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापलेला असतो. तिथे हे मेण मऊ पडून धूळ धरणारच. म्हणून त्याहून कठीण मेण लागले. ते देणारे, कार्नौबा नावाचे ताडाच्या कुळातले झाड ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या मुलखात वाढते. पाण्याचा थेंब पानातून उडून जाऊ नये म्हणून ते पानांवर मेण धरते. पाने तोडून उन्हात वाळवतात, झोडपतात, पडलेली भुकटी वितळवून गाळतात. हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळते. दुष्काळी प्रदेशातल्या झाडाने स्वतःसाठी केलेली तजवीज जगभरच्या मोटारींच्या कामी आली. जॉन्सन यांच्या नातवाने तर या झाडाचा पुरवठा टिकेल की नाही हे पाहण्यासाठी १९३५ मध्ये रसीनहून ब्राझीलपर्यंत विमान नेले. विमानाचे नावही त्याने ‘कार्नौबा’च ठेवले होते.

इथे आपला ऊस पुन्हा कथेत येतो. उसाच्या सालीवरचे मेण गाळपात रसाबरोबर वाहते आणि रस स्वच्छ करताना गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये, अडकते. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कार्नौबाची चणचण भासू लागली तेव्हा क्युबा आणि लुइझियानातल्या कारखान्यांत प्रेसमडमधून हे मेण काढून पॉलिशसाठी वापरले गेले. ते मधमाशीच्या मेणाहून कठीण, कार्नौबाच्या जवळ जाणारे. डोंगरकड्यालाही साखर कारखाना आहे. आपल्याकडे प्रेसमड शेतात खत म्हणून जातो, आणि त्यातले मेण त्याच्याबरोबर मातीत परत जाते.

भारतात हा शौक मर्यादित राहिला, कारण गाड्याच मर्यादित होत्या. फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर बाळगणारे घर वॅक्सपोलचा डबा जपून ठेवी. त्या गाड्यांच्या रंगावर वेगळा बिनरंगी थर नसे. काही वर्षांत रंगावर खडूसारखी पांढुरकी भुकटी यायची, मग गॅरेजवाला ‘रबिंग-पॉलिश’ करून द्यायचा. घासलेल्या फडक्यावर गाडीचाच रंग उतरलेला दिसे. खेड्यात यापेक्षा स्वस्त उपाय होता: ट्रॅक्टरला आणि मोटारसायकलला डिझेल किंवा रॉकेलचा बोळा. अर्धा तास गाडी नवरीसारखी चमके, आणि बैलबाजारापर्यंत जाऊन येईतो तेलावर बसलेल्या धुळीने ती पुन्हा म्हातारी होई. तरी हेतूत काही वावगे नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप-लोणी चोळणारा हात दसऱ्याला ट्रॅक्टर पुसू लागला, तेव्हा त्याने जवळचे काही तरी स्निग्ध घेतले, इतकेच.

पुढे सीलंट आले. यांत झाडाचे किंवा माशीचे काही नसते. हे रासायनिक पॉलिमर. सिलिकॉनच्या लांब साखळ्यांना अशी टोके जोडलेली असतात की ती रंगाला चिकटून बसतात. मेण उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत विरते, चांगले सीलंट सहा महिने निघते. त्याची चकाकी जरा काचेसारखी, मेणाची ओलसर आणि खोल. त्यानंतर सिरॅमिक कोटिंग आले, ते वर्षानुवर्षे टिकते असे सांगतात. प्रत्येक पिढीचा दावा एकच: माझा लेप आधीच्यापेक्षा जास्त टिकतो.

पण टिकणे हाच गुण मानायचा का? अजिंठ्याचे उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. हिंगोली आणि अजिंठा दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लेण्यांतली चित्रे वाचवण्यासाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन जाणकार बोलावले. त्यांनी निखळू पाहणारा गिलावा सांधला, हे मोठेच काम झाले. त्याबरोबर चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले. काही काळ रंग उठून दिसले. मग लाख पिवळी पडत गेली, धूळ तिच्यात रुतली, आणि तिच्याखाली चित्रे मावळू लागली. नंतरच्या पुरातत्त्व रसायनज्ञांची कित्येक वर्षे ते रोगण रंगाला धक्का न लावता उतरवण्यात गेली. रक्षणासाठी दिलेला लेप निघेना, हेच दुखणे होऊन बसले.

आपल्या स्वयंपाकघरात ही चूक झाली नव्हती. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लागे. अरबीत कलई म्हणजे कथील. कल्हईवाला दारात भाता लावी, भांडे तापवून नवसागर टाकी आणि कथलाचा हात फिरवी. ती कल्हई झिजणारच, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होते. झिजली म्हणून कुणी कल्हईवाल्याला दोष देत नसे. ती झिजली म्हणूनच पितळ आंबट वरणाला लागले नाही. गाडीचे मेण ही मोटारीची कल्हई आहे. पक्ष्याची विष्ठा, झाडाचा चीक, गाळपाच्या दिवसांत कुठल्याही साखर कारखान्याच्या आसपास पडणारी काजळी, हे सगळे त्याने अंगावर घ्यायचे आणि संपायचे.

म्हणून घरी लावताना हात कसा चालवायचा, हेही या स्वभावावरून ठरते. आधी धुणे. काजळी आणि धूळ कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठतात. तेव्हा पाणी भरपूर, आणि कपड्यांची पावडर नको, ती असलेले मेणही नेते. बोअरचे पाणी जड असेल तर थेंब वाळण्याआधी टिपून घ्यायचे, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. मग सावली, आणि हाताला गार लागणारा पत्रा. सकाळची वेळ उत्तम. बोटभर मेण ओलसर स्पंजवर घेऊन एका वेळी एक दार किंवा अर्धे बॉनेट. थर इतका पातळ की लावला की नाही अशी शंका यावी. काही मिनिटांत तो धुकट होतो. बोट ओढून पाहा. बोटामागे स्वच्छ रेघ उमटली तर मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने पुसून घ्या. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना दंड भरून येतात. रबिंग मात्र दर वेळी करू नका. मेण पुन्हा मिळते, क्लिअर कोट मिळत नाही.

ते कधी संपले हे डब्यावरच्या महिन्यांवरून ठरवू नका. गाडीवर तांब्याभर पाणी ओता. थेंबांच्या गोळ्या होऊन घरंगळल्या तर मेण आहे. खरवडलेल्या उसावर पसरले होते तसे पाणी पसरले, तर डबा काढायची वेळ झाली.