रोमचा इतिहास आणि आपली कान्हेरी

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेत रोमचा धडा आला की सीझर, लढाया आणि सनावळी एवढेच पदरी पडे. पुढे संसार सांभाळून ग्रंथालयातली पुस्तके वाचू लागले, तेव्हा कळले की या रोमचा धागा थेट आपल्या बोरिवलीपर्यंत येतो. तोच चार शब्दांत सांगते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्त देश रोमच्या ताब्यात होता. तेथल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. तीत सोपारा आणि कल्याण ही नावे आहेत. सोपारा म्हणजे आपल्या गाडीच्या मार्गावरचे नालासोपारा! पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे सुती कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. परदेशाहून इटलीची दारू, तांबे, पोवळी, काच आणि सोन्यारुप्याची नाणी येत. कल्याणला एखादे ग्रीक जहाज आलेच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत, असेही तो लिहितो. व्यापारावरून राज्याराज्यांत चुरस तेव्हाही होती.

रोममध्ये त्या काळी प्लिनी नावाचे विद्वान गृहस्थ होते. सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी भडकला, त्यात ते वारले. त्यांची तक्रार अशी, की हिंदुस्थान दरसाल रोमचे 5 कोटी सेस्टर्स, म्हणजे तिकडची नाणी, ओढून नेतो. चीन आणि अरबस्तान धरून हा आकडा 10 कोटींवर जातो. आणि याचा दोष कोणाला? तर चैनीला आणि बायकांना!

हे वाचून मला हसू आले. त्याच प्लिनींनी लिहिले आहे की हिंदुस्थानचा माल रोममध्ये मूळ किमतीच्या शंभरपट दराने विकला जाई. मग हा नफा कोणाच्या थैलीत गेला? मिरे काय बायका एकट्याच खात होत्या? शिवाय ते कापड विणायला सूत लागले असेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विधवा आणि निराधार स्त्रियांकडून सूत कातवून घ्यावे असे सांगितले आहे. मोती ल्यायलेल्या बाईवर ठपका आला, पण सूत कातणाऱ्या बाईची आठवण रोमच्या हिशेबात कोणी ठेवली नाही.

म्हणून मला कान्हेरीचे मोल वाटते. तेथे डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. ज्यांनी दाने दिली त्यांचे लेख भिंतींवर कोरले आहेत. त्यांत कल्याणचा एक सोनार आहे. त्याने पाण्याचे टाके दिले. कल्याणची दामिला नावाची भिक्षुणी आहे. गृहस्थांच्या बायकाही आहेत. एका लेखात सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख आहे. ती कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, हे त्यात आहे. तिचे स्वतःचे नाव मात्र आज त्यात वाचायला मिळत नाही. राणीचे नाव गेले आणि भिक्षुणीचे राहिले, ही केवढी नवलाची गोष्ट!

जाणत्या लेखकांना माझी एकच विनंती आहे. आमच्यासारख्यांसाठी इतिहास लिहाल तेव्हा आमच्या घरापासून सुरुवात करा. मिरे, कापड, पाण्याचे टाके यांपासून निघालात, तर आम्ही तुमच्याबरोबर रोमपर्यंत खुशाल चालत येऊ. राजांची नावे जरूर सांगा, पण दामिलेला विसरू नका.

आणि भगिनींनो, पुढच्या सहलीला कान्हेरीला जाऊ तेव्हा डबे सोडण्याआधी ते लेख एकदा पाहून घेऊ. मुलांनाही दाखवू. अक्षरे आपल्याला वाचता येणार नाहीत. पण त्यांत आपल्यासारख्या बायका आहेत, एवढे तर सांगता येईल.