दोन दिशांचे पान

परक्या लिप्यांचा शेजार मराठीला नवा नाही. कावेरीच्या खोऱ्यात, तंजावर-कुंभकोणम् परिसरात, भोसल्यांच्या राजवटीत ती तमिळ, तेलुगू आणि ग्रंथ या लिप्यांच्या सान्निध्यात नांदली. त्या साऱ्या लिप्या डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या असल्याने तेथे दिशेचा प्रश्न उद्भवला नाही. महाराष्ट्रात तो उद्भवला. आदिलशाहीच्या द्विभाषी फर्मानांत उजवीकडून येणारी फार्सी व डावीकडून निघणारी मोडी एकाच कागदावर भेटतात. पण सामान्यतः फार्सी वर आणि मोडी खाली, अशा विभागणीमुळे एका ओळीत त्यांची गाठ पडत नसे.

मुद्रणात हा प्रश्न आला तो कोकणातील बेने इस्रायल समाजामुळे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या ज्यू समाजाची घरची भाषा मराठी होती. प्रार्थनेची हिब्रू मात्र अनेकांच्या मुखी असूनही अर्थाने दूर राहिली होती. १८३२ साली जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हग्गादाच्या चित्रांत तर बेखमीर भाकरी भाजणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत.

शिळाप्रेसची सोय अशा कामास विशेष अनुकूल होती. लेखनिकाने तेलकट शाईने जे लिहावे ते दगडावर उतरे. लिपी कोणत्या दिशेने धावते, याच्याशी दगडास कर्तव्य नसे. खिळ्यांच्या जुळणीत ही मोकळीक नव्हती. देवनागरीसाठी काना-मात्रा व जोडाक्षरांचे खिळे हवेत. हिब्रूसाठी स्वरचिन्हांचे ठिपके हवेत आणि शब्दान्ती निराळे रूप घेणाऱ्या पाच अक्षरांचे वेगळे खिळेही हवेत. दोन्ही लिप्या एका ओळीत आल्या की कोणता शब्द कोठे बसवावयाचा, हे जुळाऱ्यास वाचूनच ठरवावे लागे. यंत्र आंधळे होते; दिशेचे ज्ञान माणसाच्या बोटांत होते.

संगणकाच्या काळात हेच ज्ञान नियमांत बांधणे भाग पडले. मराठी वाक्यात हिब्रूचे दीर्घ अवतरण आले आणि ओळ मध्येच संपली, तर अवतरणाचे आरंभीचे शब्द वरच्या ओळीत राहावयास हवेत. सारे अवतरण आधी उलटे करून मग ओळ तोडली, तर वाचकास वर शेवट आणि खाली आरंभ मिळेल. म्हणून मजकूर वाचनाच्या क्रमाने साठवावयाचा, त्याच क्रमाने ओळी तोडावयाच्या आणि त्यानंतर प्रत्येक ओळीपुरती दिशा बदलावयाची. हिब्रू मजकुरातील अंक पुन्हा डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात. तेव्हा उलट्या प्रवाहात एक सुलटा प्रवाहही सांभाळावा लागतो. डोनाल्ड कनूथ आणि पिअर मॅके यांनी १९८७ साली ‘टेक्’ या अक्षरजुळणी-प्रणालीसाठी अशा मिश्र दिशांच्या मजकुराची पद्धती मांडली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आणि हिब्रू या दोन्ही लिप्यांना स्थान मिळाले.

या तत्त्वाचे मर्म मराठी वाचकास अपरिचित नाही. ‘किती’ या शब्दात ‘क’ आधी उच्चारला जातो, पण ऱ्हस्व वेलांटी कागदावर त्याच्या डावीकडे उभी राहते. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने, आणि युनिकोडनेही, व्यंजन आधी व वेलांटी नंतर साठविण्याचे ठरविले. दिसण्याचा क्रम पडद्यावर व छापताना सिद्ध होतो. वाचेचा क्रम आणि दृष्टीचा क्रम वेगळे असू शकतात, हे सत्य देवनागरीत एका अक्षरापुरते आहे. हिब्रूच्या संगतीत ते साऱ्या ओळीस व्यापते.

१९४८ साली इस्रायलची स्थापना झाली आणि पुढील दशकांत या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तेथे स्थायिक झाली. तेथूनही ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. मात्र तेथे वाढलेल्या पिढ्यांची शाळेची व व्यवहाराची भाषा हिब्रू झाली. १८४६ च्या पुस्तकात हिब्रूचा अर्थ लागावा म्हणून मराठी छापावी लागली होती. आज त्या कुटुंबांतील एखाद्या नातवाने तेच पान उघडले, तर त्याला हिब्रू आपोआप वाचता येईल आणि आजीची मराठी समजून घेण्यासाठी तिच्याच आधारास जावे लागेल. दोन दिशांच्या ओळी एका पानावर निर्दोष बसविण्याची विद्या आता यंत्रास साधली आहे. त्या पानाच्या डावीकडून निघालेली ओळ वाचणारे डोळे घरात उरतील किंवा नाही, याचे उत्तर मात्र त्या घरांनीच द्यावयाचे आहे.