असोतिया : उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील एक ग्रीक शब्द

संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला आपण प्रायश्चित्तकाळात अनेकदा ऐकतो. धाकटा मुलगा दूरदेशी कसा राहिला हे सांगताना (१५:१३) सुवार्तिकाने ‘असोतोस’ हे एकच क्रियाविशेषण योजले आहे. नव्या करारात ते पुन्हा कोठेही येत नाही. त्याचे नाम ‘असोतिया’ मात्र तीनदा येते : इफिसकरांस ५:१८, तीत १:६ आणि १ पेत्र ४:४. मराठी बायबलमध्ये तेथे ‘बेतालपणा’ हा शब्द परिचित आहे.

मूळ धातू ‘सोझो’, म्हणजे वाचवणे, तारणे. ‘सोतेर’ (तारणारा) आणि ‘सोतेरिया’ (तारण) हे शब्द त्याचेच. आरंभीचा ‘अ’ संस्कृतप्रमाणेच नकारार्थी आहे. म्हणजे ज्याला काही राखता येत नाही तो ‘असोतोस’, आणि जो स्वतःही वाचत नाही तोही ‘असोतोस’. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने हा दुसरा अर्थ नेमका पकडला : माणूस आपल्या मालमत्तेवर जगतो, म्हणून ती उधळणे हा एक प्रकारे आत्मनाशच. तरीही कंजूष माणसापेक्षा उधळ्या बरा, कारण वय आणि दारिद्र्य त्याला सुधारू शकतात, असे त्याचे मत होते. पुढे इसवी सन २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने याच शब्दात ‘न तारलेले’ असा अर्थ वाचला.

मराठीत एक योगायोग आहे. ‘तारण’ हा शब्द आपण प्रार्थनेत म्हणतो आणि कर्ज काढताना बँकेतही ऐकतो. मुळशी तालुक्यातील नेरे हे हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान केंद्राशेजारचे गाव. या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भातखाचरांना सोन्याचे भाव आले. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन विकणाऱ्या कुटुंबांची परवड पडद्यावर आणली. सर्वांनीच पैसा उडवला असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येकांनी दुसरीकडे शेती घेतली, मुलांना शिकवले. पण सातबाऱ्यावरचे नाव गेल्यावर हाती आलेली रक्कम किती दिवस टिकते, हे येथील वाचकांना आम्ही सांगायला नको. दाखल्यातील मुलाच्या वाट्याला, अनुवाद २१:१७ प्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा असल्याने, एक तृतीयांश आले असावे. वडील हयात असताना वाटणी करू नये, असा सल्ला बेनसिराने (अध्याय ३३) आधीच देऊन ठेवला होता.

येथे एक गैरसमज दूर करणे आम्हांस आवश्यक वाटते. मुलाने पैसा वेश्यांवर उडवला, असे निवेदक म्हणत नाही. तो आरोप थोरल्या भावाचा आहे (१५:३०). लॅटिन वुल्गातातील ‘लुक्सुरिओसे’ या शब्दाचा अर्थ पुढे विषयासक्तीकडे झुकत गेला. ग्रीक शब्दात तो अर्थ बसू शकतो, पण सक्तीचा नाही.

मुलगा परत आल्यावर त्याच्यासाठी जो शब्द येतो तोही पाहण्याजोगा आहे. चाकर थोरल्याला सांगतो की वडिलांना तो ‘हुगियाइनोन्ता’ मिळाला (१५:२७). त्याचा अर्थ निरोगी, धडधाकट. आपल्याकडे घरी परतलेल्यासाठी म्हणतात तसे, सुखरूप. मालमत्तेचा हिशेब चाकर काढत नाही.